पायरीमागे किती?

जिनेकाका, म्हणजे बेसमेंटच्या जिन्याचा खर्च पायरीमागे मोजणारे मराठी गृहस्थ. ही जात अमेरिकेच्या थंड राज्यांत आढळते. तिथे हिवाळ्यात जमीन गोठते आणि गोठताना फुगते. पाया उथळ असेल तर घर उचलले जाते, म्हणून तो गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो. शिकागोच्या आसपास ही खोली ४२ इंच धरतात. एवढे खणायचेच आहे तर आणखी थोडे खणून अख्खा मजला पदरात पाडून घ्यावा, या व्यवहारी विचाराने बेसमेंट रुजले. ह्यूस्टनकडे जमीन फारशी गोठत नाही आणि चिकणमातीमुळे खणणेही परवडत नाही. त्यामुळे तिथल्या महाराष्ट्र मंडळात जिनेकाका जवळपास नसतातच. त्यांची जागा गारपिटीनंतर विम्याच्या दाव्यावर व्याख्यान देणारे छप्परकाका भरून काढतात.

मराठी घरातल्या बेसमेंटची वेगळी ओळख करून द्यायला नको. गणपतीचे मखर, मंडळाच्या नाटकातला थर्माकोलचा वाडा, कपडे वाळत घालायची ट्रेडमिल, 'इंडियाला न्यायच्या' म्हणून बाजूला काढलेल्या बॅगा आणि पाहुण्यांसाठी एक गादी, असा तिथला संसार. गाण्याची बैठकही तिथेच होते. चाळीस माणसे एका हातात पावभाजीची ताटली आणि दुसऱ्या हातात लहान मूल घेऊन ज्या जिन्याने खाली उतरतात, तो जिना बांधणाऱ्याने मात्र फक्त घर तापवायची भट्टी तपासायला येणाऱ्या मिस्त्रीसाठी बांधलेला असतो. तो अरुंद आणि उभा असतो, आणि कठडा एकाच बाजूला, तोही हलणारा. हा जिना बदलायचा, असे घर घेतल्याच्या पहिल्या आठवड्यात ठरते. जिनेकाका तेव्हापासून दर मागवत आहेत.

त्यांना ओळखायची खूण एकच. कुठल्याही घराच्या वास्तुशांतीला यजमान हौसेने स्वयंपाकघर दाखवत असतात आणि काका जिन्याच्या चौथ्या पायरीवर टेप लावून उकिडवे बसलेले असतात.

"जिना छान झालाय. पायरीमागे किती पडली?"

"काका, एकूण सांगू का?"

"एकूण कोणीही सांगतो."

यजमान मनातल्या मनात भागाकार करू लागतात. तोवर काकांनी पुढचा प्रश्न टाकलेला असतो: भागलेत कशाने? उभ्या फळ्यांनी की पाय ठेवायच्या फळ्यांनी? जिन्याच्या वरच्या टोकाला शेवटचे पाऊल मजल्यावरच पडते, त्यामुळे उभे टप्पे १३ असतील तर पाय ठेवायच्या फळ्या १२ भरतात. हा एकाचा फरक जिनेकाकांच्या अर्थशास्त्राचा पाया आहे. ३,९०० डॉलरच्या जिन्याला १३ने भागले की पायरी ३०० ची होते, १२ने भागले की ३२५ ची. आपला दर सांगताना काका १३ने भागतात, दुसऱ्याचा ऐकताना १२ने.

ही सवय जिन्यापाशी थांबत नाही. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलेल्या देवदेवेश्वराच्या दर्शनाला पर्वतीवर नेले, तर काका १०३ पायऱ्या मोजून वर येतात आणि देवळाचा खर्च पेशवे दफ्तरात सापडेल का, असे विचारतात. पायऱ्या रुंद आणि बुटक्या आहेत, हे मात्र ते मनापासून वाखाणतात. रायगडाला पायथ्यापासून दीड हजारांच्या आसपास पायऱ्या. तिथे १९९६ पासून रोपवे आहे, आणि त्याच्या तिकिटाला काका न चढलेल्या पायऱ्यांनी भागतात. इतका स्वस्त सौदा आयुष्यात झाला नाही, असे त्यांचे मत आहे. गड कसा होता, हे काकूंना विचारावे.

पुढे पायरी हे चलनच होऊन बसते. एक पायरी म्हणजे ३०० डॉलर. मुंबईचे विमानाचे तिकीट पाच पायऱ्यांचे, नवा सोफा साडेसात पायऱ्यांचा. मुलीच्या कॉलेजची वर्षाची फी दीडशे पायऱ्या निघाली, तेव्हा घरात दोन दिवस कोणी कोणाशी बोलले नाही. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनात हॉटेलचा सरकता जिना पाहून काका गप्प उभे राहिले, असे सांगतात. पायऱ्या संपतच नसल्यामुळे कशाने भागावे ते कळेना.

आता प्रत्यक्ष खर्चाकडे. आहे त्या जागी, आहे त्या मापाचा सरळ लाकडी जिना बदलायला अलीकडच्या दरांनी ढोबळमानाने दीड हजारापासून चार-पाच हजार डॉलर पडतात. यात लाकडाचा वाटा लोकांना वाटतो त्यापेक्षा कमी आणि मजुरीचा जास्त. दोन्ही बाजूंच्या तिरक्या, करवतीसारख्या दातेरी कापलेल्या फळ्यांना स्ट्रिंगर म्हणतात. सगळा भार त्यांच्यावर, म्हणून त्यांना टू-बाय-ट्वेल्व्ह मापाचीच फळी लागते. वर गालिचा येणार असेल तर पायऱ्या साध्या पाइनच्या चालतात. ओकच्या पॉलिश केलेल्या हव्या असतील तर आकडा लगेच वर सरकतो. जुना जिना फोडून उचलून नेणे, कठडा, गावाचा परवाना आणि तपासनीसाची फेरी हे सगळे वेगळे. घर १९७८ पूर्वीचे असेल तर रंगात शिसे असू शकते, मग धूळ न उडवता काम करण्याचे नियम लागतात आणि त्याचेही पैसे लागतात.

दर देणारे तीन प्रकारचे. मोठ्या कंपनीचा माणूस टॅब्लेट घेऊन येतो आणि आजच सही केलीत तर अमुक सूट म्हणतो. त्याला काका चहा देऊन परत पाठवतात. एकटा सुतार प्लायवूडच्या तुकड्यावर पेन्सिलीने एकच आकडा लिहितो. तो तुकडा काका जपून ठेवतात. तिसरा मंडळातलाच ओळखीचा असतो. "काका, तुमच्याकडून काय घ्यायचे? द्याल ते द्या," असे तो म्हणतो. सगळ्यांत महाग हाच, कारण त्याच्या वाक्याला कशानेच भाग जात नाही.

खरी मेख मात्र मापात आहे. १९८०च्या दशकातल्या घरात उभा टप्पा सव्वाआठ इंच आणि पायरी नऊ इंच चालत असे. मजल्यापासून मजल्यापर्यंत ९९ इंच उंची असेल तर १२ टप्प्यांत आणि ११ पायऱ्यांत काम भागायचे. आडवी जागाही ९९ इंचच लागायची. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ज्या नमुना संहितेवरून स्थानिक नियम बेततात, तिच्यात आता टप्पा पावणेआठ इंचांहून उंच चालत नाही आणि पायरी दहा इंचांहून कमी चालत नाही. म्हणजे तेवढ्याच उंचीला १३ टप्पे, १२ पायऱ्या आणि १२० इंच जागा. हे जास्तीचे २१ इंच आणायचे कुठून? खाली भट्टी किंवा पाणी तापवायची टाकी आडवी येते. वर डोक्याला सहा फूट आठ इंच मोकळीक हवी, म्हणून वरच्या मजल्याच्या जमिनीतले भोक वाढवायचे. भोक वाढवायचे म्हणजे तुळया कापून नव्याने बांधायच्या. इथून पुढे खर्च जिन्याचा राहत नाही, घराचा होतो. जागाच नसेल तर जुन्या घरात जुन्याच चढाचा जिना बदलून बसवायला अनेक गावे परवानगी देतात. ही सवलत काकांना माहीत असते, पण मान्य नसते. बाहेरून थेट बेसमेंटमध्ये उतरणारा जिना हवा असेल तर पायाची काँक्रीटची भिंत कापणे, खोदाई आणि पाण्याचा निचरा धरून हिशेब सहज पाच आकडी होतो. तो हिशेब काका फक्त बेसमेंट भाड्याने देण्याच्या विचारात असलेल्यांसमोर भागून दाखवतात.

थांबण्याचाही खर्च असतो. २०१९ मध्ये पायरीमागे वीस डॉलर जास्त सांगितले म्हणून काकांनी एक सुतार परत पाठवला. मे २०२१ मध्ये अमेरिकेतल्या वायदेबाजारात हजार बोर्डफूट लाकडाचा भाव १,६०० डॉलरच्या वर गेला. कोविडच्या साथीपूर्वी तो चारशेच्या आसपास होता. त्या महिन्यात काका जिन्याविषयी बोलले नाहीत. काकूंच्या मते तो महिना चांगला गेला.

शेवटी बहुतेक जिनेकाका जिना स्वतःच करायला घेतात. होम डेपोच्या फेऱ्या होतात, व्हिडिओ पाहून होतात, स्ट्रिंगर कापून होतात. सर्वांत खालचा दाता पायरीच्या फळीच्या जाडीएवढा कमी कापायचा असतो, नाहीतर पहिली पायरी उंच आणि शेवटची बुटकी होते. नवखे इथे हमखास फसतात, काकाही फसले. सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या टप्प्यात तीन-अष्टमांश इंचापेक्षा जास्त फरक चालत नाही, कारण पाऊल पहिल्या दोन पायऱ्यांचा अंदाज घेते आणि पुढच्या आंधळेपणाने उतरते. तपासनीसाने टेप लावला आणि नकार दिला. स्ट्रिंगर पुन्हा कापले गेले. वाया गेलेल्या लाकडाचा खर्च काका १३ने भागत नाहीत, तो 'शिक्षण' या सदरात जातो.

या माणसाला टाळणे सोपे असते आणि मंडळात बरेच जण टाळतातही. पण चार घरचे सल्ले घेऊन घर घेणाऱ्या कुठल्याही नव्या जोडप्याला पहिल्या शनिवारी दारात टेप घेऊन उभा राहिलेला हाच माणूस भेटतो. तो सांगतो की जिन्याच्या दिव्याला वर आणि खाली दोन्हीकडे बटण हवे, कठड्याच्या गजांतून लहान मुलाचे डोके जाता कामा नये, म्हणून फट चार इंचांच्या आसपासच ठेवा. कोणाचे आईवडील सहा महिन्यांसाठी येणार असे कळले की हा आदल्या आठवड्यात जाऊन दुसऱ्या बाजूलाही कठडा बसवून येतो. नियमाला एका बाजूचा पुरतो. गुडघ्यांना दोन्ही बाजूंचे लागतात, एवढेच त्याचे म्हणणे. ब्रॅकेट आणि स्क्रूचे पैसे विचारले तर तो चहा मागतो. मंडळातल्या किती घरांत ते दुसरे कठडे आहेत, हे त्याची टर उडवणाऱ्यांनी मोजलेले नाही.

त्याची स्वतःची आई बहुधा कोथरूडला किंवा डोंबिवलीला जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहते. लिफ्ट नाही. मजल्याला १८ पायऱ्या, म्हणजे एकूण ५४. तिच्यासाठी शिकागोत १३ पायऱ्या नीट व्हायला इतकी वर्षे गेली, की झाल्या तेव्हा तिला विमानाचा प्रवास झेपेनासा झाला होता. बेसमेंटमधली गादी अजून घातलेली असते. फोनवर ती विचारते, "झाला का रे तुझा जिना?" काका हो म्हणतात, आणि एवढा एकच जिना असा, की ज्याचा दर ते सांगत नाहीत.

मग कधीतरी सोसायटीचे पत्र येते: बाहेरच्या बाजूने लिफ्ट बसवायची आहे, सभासदांनी वर्गणी कळवावी. जिनेकाका सवयीने भागायला बसतात. पण लिफ्ट झाल्यावर आईने चढायच्या पायऱ्या शून्य, आणि शून्याने भागता येत नाही हे इंजिनिअरला सांगावे लागत नाही. पैसे त्याच रात्री जातात. तळमजल्यावाले वर्गणी द्यायला तयार नसतात, कारण त्यांना लिफ्टचा उपयोग नाही. त्यांचाही वाटा देतो, असा निरोप काका सेक्रेटरींना पाठवतात. त्यावर तळमजल्यावाल्यांची नवी हरकत येते, लिफ्टच्या शाफ्टने त्यांच्या खिडकीचा उजेड अडेल अशी. आराखडा बदलतो, महापालिकेची परवानगी नव्याने मागावी लागते, आणि विषय पुढच्या सर्वसाधारण सभेवर जातो.