हिरव्या पानाच्या चित्रकारास अनावृत पत्र



आपण रंगवलेली आवळा सरबताची बाटली परवा आमच्या बडोद्याच्या दांडिया बझारातल्या घरी अवतरली. काय ते पान! त्यावर दवाचा थेंब, मागे झोपडी, दारात बैल. वर ठसठशीत 'शंभर टक्के नॅचरल'. सासूबाईंना मधुमेह. पण 'नॅचरल आहे, चालतं' म्हणत त्या सकाळ-संध्याकाळ पेलाभर श्रद्धेने घेत होत्या.

मी बाटली फिरवली. किमतीचा स्टिकर नखाने खरवडला, तेव्हा खाली मुंगीएवढ्या अक्षरांत घटक सापडले. पहिली साखर. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असतात, म्हणजे बाटलीत राज्य कुणाचं ते कळलं. मग आवळा, मग २११, म्हणजे सोडियम बेंझोएट. शेवटी रंग १०२ आणि १३३. पिवळ्यात निळा मिसळला की हिरवा होतो, हे आपल्यासारख्या कलावंताला मी पामराने काय सांगावं?

खाद्यपदार्थांच्या दाव्यांचे आणि जाहिरातींचे २०१८ चे नियम सांगतात की, ज्यात काहीच मिसळलेलं नाही अशा एकट्या पदार्थालाच 'नॅचरल' म्हणावं. सरबतासारख्या मिश्रणाला नाहीच. फार तर 'नैसर्गिक घटकांपासून बनवलेलं' म्हणा, तेही सगळेच घटक तसे असतील तर!

'ऑरगॅनिक'चं सोवळं आणखी कडक. एनपीओपी या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या प्रमाणपत्रासाठी हंगामी पिकाच्या शेतकऱ्याला पेरणीआधी दोन वर्षं जमीन रसायनांविना कसावी लागते. मग कुठे पाकिटावर ऑरगॅनिकचं चिन्ह येतं. आपलं पान एका रात्रीत उगवतं.

चौकोनातला हिरवा ठिपका शाकाहाराचा. तो दाखवून 'ऑरगॅनिक आहे, बेन' म्हणणाऱ्या दुकानदाराला कोपरापासून नमस्कार.

थट्टा पुरे. मधुमेही म्हातारीला साखर पाजायची, वर दीडपट दाम घ्यायचे आणि खरं काय ते स्टिकरखाली दडपायचं. ही शुद्ध हरामखोरी आहे.

तुमची नव्हे म्हणा. तुम्ही बहुधा फाइन आर्ट्समधून नुकतंच बाहेर पडलेलं एखादं पोर. शेठ म्हणाले असतील, 'भाई, जरा लीलुं लीलुं करो ने,' म्हणजे हिरवंगार करा, आणि तुम्ही भाड्याच्या खोलीत रात्र जागून दवाचा तो थेंब काढला असेल. थेंब खरंच सुरेख आहे हो. त्याचे पैसे अजून मिळाले नसतील, तर वसुलीला जाताना मला हाक मारा. शेठशी माझंही थोडं बोलणं आहे.

आपली,
दांडिया बझारातली एक सून