बाळाला वारा लागू देऊ नये

बाळंतिणीने सव्वा महिना उंबरठा ओलांडू नये, ही आपल्याकडची जुनी शिस्त. ती निभावतेही छान, कारण ती एकट्या बाळंतिणीलाच पाळायची असते. अडचण सुरू होते ती सव्वा महिना सरला की. त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना एकदम आठवतं की, हॉस्पिटलच्या खेपा सोडल्या तर आपण कितीतरी महिन्यांत कुठे गेलेलोच नाही. त्यातून तो दिवस चैत्र-वैशाखात आणि रविवारी आला, तर देवाचीच इच्छा समजावी. पालघर, बोईसर, तारापूर, डहाणू या पट्ट्यातल्या उत्साही कुटुंबप्रमुखांच्या सोयीसाठी पुढील सूचना संकलित केल्या आहेत. बाळाला त्या वाचून दाखवू नयेत.

आधी तारीख पक्की करावी. आशाताईंच्या घरभेटींचे दिवस सरकारने ठरवून दिलेले आहेत: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. सहा आठवडे भरले की पेंटाव्हॅलंटचा पहिला डोसही त्याच सुमाराला येतो. सहल नेमकी या दोन्हींच्या डोक्यावर येऊन बसते. अशा वेळी डगमगू नये. लस टोचली की ताप येतो आणि ताप आला की सहल बुडते, म्हणून लस पुढे ढकलावी. सहलीने ताप आला तर लस आपोआपच पुढे जाते. आशाताई येतील, कुलूप बघतील, जातील. शेजारच्या काकूंकडे निरोप ठेवावा, ‘बाळाला हवापालटाला नेलंय.’

स्थळ ठरवताना बाळाचा विचार करण्याचं कारण नाही. सव्वा महिन्याच्या बाळाला हातभर अंतरापलीकडचं धड दिसत नाही. समुद्र दाखवला काय नि मोरीतली बादली दाखवली काय, त्याला सारखंच. म्हणून समुद्रच निवडावा, निदान बाकीच्यांना तरी दिसतो. त्यातही केळवे उत्तम. सुरूचं बन, किनारा आणि शितलादेवीचं देऊळ, सगळं लगोलग. धर्म, निसर्ग आणि वडापाव एकाच फेरीत उरकतात.

देवीच्या पायावर बाळ घालायचं, यामागे जुनं आणि खरं दुःख आहे. देवी, गोवर, कांजिण्या यांत घरोघरची पोरं जात होती, हाताशी औषध नव्हतं, तेव्हा आयांनी धाव घ्यायची ती हिच्याकडे. पुढे देवीचा रोग गेला. १९७७ साली भारत देवीमुक्त जाहीर झाला. गोवर मात्र आहे. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी, मालेगाव इथे त्याची साथ पसरली होती, हे फार जुनं नाही. त्याची लस मिळते नवव्या महिन्यात, उपकेंद्रात, फुकट. तोवर बाळाच्या अंगात आईकडून आलेली शिदोरी असेल तेवढीच. आणि गोवर हवेतून पसरतो. आजारी माणूस निघून गेला तरी बंद जागेत तास-दोन तास रेंगाळतो. तेव्हा ‘गोवरापासून राख गं माय’ हे सांगण्यासाठी बाळाला नेमकं त्या गाभाऱ्याच्या रांगेत उभं करावं, जिथे गोवराला त्याच्यापर्यंत यायला तिकीट लागत नाही. यात काही विसंगती वाटली तर ती सुनेने मनातच ठेवावी. घरून हात जोडले तरी देवीला पोहोचतात, हे म्हणणं शास्त्राला धरून असलं तरी सहलीला धरून नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणजे पोशाख. आपल्या घरांत बाळाचा एकच शत्रू मान्य झालेला आहे, तो म्हणजे वारा. बाळाला ऊन लागत नाही, उकडत नाही, घुसमटत नाही. बाळाला फक्त वारा लागतो. त्यामुळे आत झबलं, त्यावर स्वेटर, पायांत मोजे, हातांत मोजे, डोक्याला लोकरीचं टोपडं, त्याच्या नाड्या हनुवटीखाली घट्ट, आणि वरून दुपट्याची गुंडाळी, असा पेहराव करावा. लोकर आत्याने स्वतः विणलेली असेल तर टोपडं काढण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आत्या गाडीत असते.

डॉक्टर लोक यावर काहीबाही सांगतात. म्हणे तान्ह्या बाळाचं डोकं बाकीच्या शरीराच्या मानाने मोठं असतं आणि अंगातली बरीच उष्णता तिथूनच बाहेर पडते. म्हणे त्याला घाम पुरेसा येत नाही, घामाच्या ग्रंथी अजून नीट कामाला लागलेल्या नसतात. म्हणे त्याला पांघरूण लाथाडता येत नाही, सावलीत सरकता येत नाही, पाणी मागता येत नाही. शिवाय आपल्या किनाऱ्यावर हवेतच इतका दमटपणा असतो की मोठ्या माणसाचा घामही सुकत नाही, नुसता ओघळतो. हवामान खात्याला हे ठाऊक आहे. म्हणून मैदानी भागात ४० अंशांखाली उष्णतेच्या लाटेचा विचारच होत नाही, पण किनाऱ्यावर तो ३७ पासून होतो, तापमान नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी चढलेलं असेल तर. पण हवामान खात्याने कधी पोर वाढवलेलं नाही. आजींनी वाढवलेली आहेत.

‘आई, जरा टोपडं सोडते. घाम आलाय त्याला.’

‘घाम कुठला गो बाय, मालिशचं तेल आहे ते. आणि तो पंखा बंद कर आधी, बाळाला वारा लागेल.’

याच पट्ट्यात तारापूरला १९६९ पासून अणुवीज केंद्र चालू आहे. तिथली वाफ थंड करायला अरबी समुद्राचं पाणी अष्टौप्रहर खेचलं जातं, इंजिनियर पाळीपाळीने काट्यांवर नजर ठेवून असतात, पारा जरा इकडेतिकडे झाला तर धावपळ उडते. तिथून थोड्याच अंतरावर साडेतीन किलोचा एक जीव स्वेटरमध्ये तापत असतो आणि त्याच्यासाठी नेमलेला एकमेव पंखा, बॅटरीवरचा, गुलाबी, मामाच्या मुलाने स्वतःच्या तोंडासमोर धरलेला असतो.

प्रवासाला इको गाडी करावी. तिच्यात कागदोपत्री बसतात त्याच्या दुप्पट माणसं बसवावीत, म्हणजे माणशी खर्च कमी पडतो. बाळ धरून एक सीट वाचते, कारण बाळ मांडीवर असतं; आणि मांड्या बऱ्याच असल्याने बाळ मनोरपर्यंत तीन मांड्या बदलतं. केळव्याला जायला मनोर कशाला, हा प्रश्न विचारू नये. बोईसरहून निघून आधी मनोरला मावशीला घ्यायचं, तिथून पालघर, मग केळवे, असाच रस्ता असतो. एसी लावू नये, वारा लागेल. काचा उघडू नयेत, वारा लागेल. वाटेत नारळपाण्याला थांबताना बाळ झोपलं असेल तर त्याला उठवू नये. काच बोटभर खाली करून त्याला गाडीतच ठेवावं. बंद गाडीतली हवा उन्हात पाचदहा मिनिटांत भट्टीसारखी चढू लागते आणि काच बोटभर उघडी असून फारसा फरक पडत नाही, असं सिद्ध झालेलं असलं तरी नारळवाला ओळखीचा आहे, त्याचं लक्ष असतं.

लोकलने जाणार असाल तर विरार-डहाणू लोकल २०१३ पासून आहेच. रविवारी सकाळी ती इतकी भरते की, बाळाला वारा लागण्याची शक्यताच संपते. या दृष्टीने तिला आदर्श वाहन म्हणावं लागेल. केळवे रोडला उतरून पुढे टमटम.

किनाऱ्यावर पोचताच बाळ ताब्यात घ्यावं आणि वाटप सुरू करावं. बाळ हे सहलीत एका जागी राहिलं तर वाया गेलं. प्रथम आजोबा, मग काकू, मग काकूंच्या ऑफिसातल्या मैत्रिणी, ज्या योगायोगाने तिथेच भेटतात. प्रत्येकाने गालाचा मुका घ्यावा. सर्दी असलेल्याने ‘मला जरा सर्दी आहे’ असं आधी सांगून मग घ्यावा. त्याला प्रामाणिकपणा म्हणतात. फोटोसाठी बाळाचं तोंड सूर्याकडे करावं, उजेड चांगला येतो. बाळाने डोळे मिटले तर ‘डोळे उघड, डोळे उघड’ असं चौघांनी एका सुरात ओरडावं. आणि शेवटी कोणीतरी, बहुधा धाकटा काका, ‘पाय लावून आणतो पाण्याला’ म्हणेलच. त्याला अडवू नये. वाळू त्या वेळी चपलेशिवाय उभं राहू देत नाही, पण बाळाला कुठे चालायचंय?

भुकेचा प्रश्न येतो. सहा महिने फक्त आईचं दूध, वरून पाणीसुद्धा नाही, असं डॉक्टर सांगतात. उन्हाळ्यात तहान जास्त लागली तर अंगावर जास्त वेळा पाजायचं, दुधातच पाणी असतं. हे सगळं ठीक, पण दर तासाने पाजायला बसायचं तर सून पाणीपुरी कधी खाणार? म्हणून बोटाने ताडगोळ्याचं पाणी चाटवावं. ताडगोळे थंड असतात, त्यांना कोणी नाव ठेवू शकत नाही. मध चाटवायची टूम निघाली, तर वर्षाखालच्या बाळाला मध विषासारखा बाधू शकतो हे सांगणारी एक तरी भाची बारावी सायन्सला असते. तिला भेळ आणायला पाठवावं.

तरीही पाजायची वेळ आलीच, तर आडोसा शोधावा. एसटी स्टँडवर यासाठी हिरकणी कक्ष असतात. रायगडाचा कडा रात्री उतरून बाळाकडे धावलेल्या त्या गवळणीचं नाव त्यांना दिलेलं आहे. गवळण दूध घालायला गडावर आली तेव्हा बाळ घरी ठेवून आली होती, एवढं मात्र आपल्याकडे कोणी ध्यानात घेत नाही. किनाऱ्यावर कक्ष नसतो. तिथे चार बायकांनी साड्यांचे पदर धरून तंबू करावा आणि त्या तंबूत, दुपारी साडेबाराला, आई आणि बाळ दोघांनाही उकडून काढावं. वारा अजिबात येत नाही.

महत्त्वाकांक्षी कुटुंबांनी केळव्यावर न थांबता विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा करावी. ती चैत्र पौर्णिमेपासून पंधरा दिवस भरते, म्हणजे उन्हाची निवड देवस्थानानेच करून ठेवलेली आहे. पौर्णिमेच्या मध्यरात्री पुजारी ध्वज घेऊन मुसळ्या डोंगर चढतो. दर्शनाचं देऊळ मात्र पायथ्याशी, महामार्गाला लागून आहे. ते खाली कसं आलं याची गोष्ट डहाणूकडची जाणती माणसं सांगतात. देवीचं ठाणं वर डोंगरावर. एक गरोदर बाई दर्शनाला वर चढत होती, उन्हाने तिला घेरी आली आणि ती वाटेतच पडली. देवीला तिची दया आली. ‘तू वर येऊ नकोस, मीच खाली येते,’ म्हणाली आणि खाली येऊन बसली. अख्खी देवी एका बाईसाठी डोंगर उतरली, ही गोष्ट रांगेत उभं असताना सासूबाईंनी सुनेला जरूर सांगावी. सुनेच्या कडेवर बाळ असेल, बाळाच्या डोक्यावर टोपडं असेल, आणि रांग अजून कठड्याच्या वळणापर्यंतही सरकलेली नसेल. गोष्ट सांगताना स्वतः सावलीला उभं राहावं.

दुपारनंतर एक शुभ घटना घडते. सकाळपासून किरकिर करणारं बाळ अचानक शांत होतं. रडत नाही, हातपाय झाडत नाही, छातीशी धरलं तरी तोंड लावत नाही, नुसतं पडून राहतं. सगळ्यांना हायसं वाटतं. ‘किती गुणी आहे, बघा, समुद्र मानवला त्याला!’ असं मावशी म्हणते आणि बाकीचे माना डोलावतात. सकाळपासून लंगोट कोरडाच आहे, हेही कौतुकानेच सांगावं. डायपरचा खर्च वाचला. अशा वेळी त्याच्या टाळूवरून हात फिरवून ती खोल गेलीय का, हे बघणारी एखादी नर्सबाई नात्यात निघते. ती ‘गाडी काढा, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात’ असं म्हणू लागते, टोपडं ओढून काढते, स्वेटर सोडते, ओल्या फडक्याने अंग पुसते, आईला बाजूला नेऊन पाजायला बसवते आणि सर्वांदेखत बाळाला वारा घालते. तिला पुढच्या वेळी बोलावू नये.

नर्सबाई नात्यात नसेल तर कार्यक्रम ठरल्याप्रमाणे सूर्यास्तापर्यंत चालू ठेवावा.

घरी आल्यावर बाळाचं अंग गरम लागेल. पाठीवर, मानेच्या वळ्यांत, काखेत घामोळं उठलेलं असेल. यावर पहिला उपाय म्हणजे कारण शोधणं, आणि कारण एकच असतं: दृष्ट. किनाऱ्यावर त्या हिरव्या साडीवाल्या बाईने कसं टक लावून बघितलं, हे आता तिघींना एकदम आठवतं. मीठ, मोहरी, लाल मिरच्या ओवाळून टाकाव्यात. ठसका आला नाही तर दृष्ट कडक होती असं समजावं. दुसरं कारण म्हणजे अर्थातच वारा. नेमका कधी लागला, यावर रात्री अकरापर्यंत चर्चा करावी आणि ‘दर्शनाच्या वेळी टोपडं सैल झालं होतं’ या निष्कर्षाला यावं. दोष सुनेकडे जातो, तो रीतसर जाऊ द्यावा.

तीन महिन्यांखालच्या बाळाचा ताप थर्मामीटरवर १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस दाखवू लागला तर घरगुती उपायांत वेळ काढायचा नसतो, रात्र असली तरी दवाखाना गाठायचा असतो. सुदैवाने बहुतेक घरांत हा आकडा माहीत असणारी एक व्यक्ती असतेच, आणि ती सहसा बाळाची आईच असते. आज पहिल्यांदाच तिचं ऐकलं जातं.

दवाखान्यात जाताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. डॉक्टर विचारतील, ‘कुठे बाहेर नेलं होतं का?’ त्यावर आजोबांनी तत्परतेने ‘छे, छे, सव्वा महिनाच तर झालाय, घरातच आहे’ असं सांगावं. आणि त्याआधी, गाडीतून उतरतानाच, बाळाला नीट झटकून घ्यावं, कारण डॉक्टर तपासायला लंगोट सोडतात आणि त्यातून टेबलावर पसाभर वाळू सांडते.