आलं का एक्स्टेंशन?

माझ्या झेरॉक्सच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर एकाग्ररावांचं ऑफिस आहे. बारशाचं नाव वेगळं. पण ते आता फक्त पाटीवर उरलंय. सिन्नरजवळच्या माळेगाव आणि मुसळगावच्या औद्योगिक वसाहतींतल्या वर्कशॉपवाल्यांची जीएसटीची रिटर्नं ते भरतात. म्हणजे भरायला बसतात. बसणं आणि भरणं यांच्यामध्ये जी जागा उरते, तिथेच त्यांचा खरा मुक्काम. पेरणीच्या दिवशी तिफणीला रंग देत बसलेला शेतकरी तुम्ही पाहिला नसेल, तर जिना चढून वर या.

सकाळी दहाला ते येतात, उदबत्ती लावतात, लॅपटॉप उघडतात आणि ब्राउझरच्या उजव्या कोपऱ्यावर भक्तिभावानं नजर फिरवतात. देव्हाऱ्यात टाक मांडावेत तशी तिथे एक्स्टेंशनांची ओळ आहे. एक फेसबुक अडवतं. दुसरं यूट्यूबच्या कडेला सुचवलेले व्हिडिओ झाकतं. तिसरं उघडे पडलेले पन्नास टॅब गोळा करून एका यादीत कोंबतं. चौथं नवा टॅब उघडला की डोंगराचा फोटो दाखवून 'आजचं मुख्य काम काय?' असं विचारतं. एकाग्रराव टाइप करतात, 'रिटर्न भरणे.' काल तेच होतं, परवाही तेच होतं. डोंगर तेवढा रोज नवा.

अशी एकूण अकरा. हा आकडा त्यांच्या आईच्या कानावर गेला तेव्हा त्या म्हणाल्या, "घरी मिक्सर लावायचा तर फ्रीजची पिन काढावी लागते, अन् तुझ्याकडं अकरा एक्स्टेंशनं? त्यातलं एक घरी आण की!"

त्यांचं सर्वांत कडक दैवत 'स्टेफोकस्ड'. ठरवलेल्या साइटवर दिवसाला मोजकी मिनिटं द्यायची, ती संपली की दार बंद. नियम सैल करायचा असेल तर एक लांबलचक इंग्रजी परिच्छेद एकही चूक न करता टाइप करायचा. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. एकाग्ररावांनी तो तोंडपाठ केला. रिटर्नांचा वेग आहे तिथेच आहे, टायपिंगचा मात्र कोर्टातल्या लघुलेखकानं हेवा करावा असा झालाय. पुढे त्यांना कळलं की ब्राउझरची गुप्त खिडकी उघडली तर आपण मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय एक्स्टेंशनं तिथे चालतच नाहीत. तेव्हापासून पुढच्या दाराला अकरा कुलपं आहेत, आणि मागच्या दारानं मालकाची ये-जा चालू आहे.

मग टोमॅटो आला. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्यानं १९८०च्या दशकाच्या अखेरीस स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून अभ्यास केला. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती. टोमॅटोला इटालियनमध्ये पोमोदोरो म्हणतात, म्हणून पद्धतीचं नाव तेच पडलं. हे सगळं एकाग्ररावांनी गावाकडून आलेल्या मामांना सांगितलं. मामा टोमॅटो पिकवतात. ते म्हणाले, "टोमॅटोनं मन थाऱ्यावर येतं हे पहिल्यांदा ऐकतोय. आमची तर त्यानं झोप उडते."

अडचण अशी की जीएसटीच्या पोर्टलवर पंधरा मिनिटं काही हालचाल झाली नाही तर ते बाहेर काढतं, आणि टोमॅटो वाजतो पंचविसाव्या मिनिटाला. मधली दहा मिनिटं एकाग्रराव बंद झालेल्या पानाकडे अत्यंत एकाग्रतेनं बघत असतात.

मध्यंतरी त्यांनी व्हॉट्सअ‍ॅप वेबसुद्धा अडवलं. संध्याकाळी एक वर्कशॉपवाला धापा टाकत वर आला.

"भाऊ, बिलांचे फोटो टाकलेत सकाळी. बघितले का?"

"व्हॉट्सअ‍ॅप पाच वाजेपर्यंत बंद आहे."

"बंद?" त्यानं खिशातून फोन काढून पाहिला. "माझं तर चालू आहे."

आमच्या गोंदेश्वराच्या हेमाडपंती मंदिराचे दगड आठ-नऊशे वर्षं चुन्याशिवाय एकमेकांवर बसलेत. एकाग्ररावांचं बूड अकरा एक्स्टेंशनांनी चिकटवूनही खुर्चीवर अर्धा तास बसत नाही.

आणि हे कुणाचे नातू? सिन्नर एके काळी विड्यांचं गाव. एकाग्ररावांची आजी ओट्यावर बसून विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात पानं नि तंबाखू, समोर गल्लीतल्या चार जणी. कुणाच्या सुनेची गाऱ्हाणी, कुणाच्या लग्नाची बोलणी, मध्येच पोराच्या पाठीत धपाटा, चुलीवरच्या दुधावर एक डोळा. गप्पा थांबत नसत आणि बोटंही थांबत नसत. पंचवीस-पंचवीसची बंडलं बांधत हजार पुऱ्या व्हायच्या. आजीनं कधी शेजारीण ब्लॉक केली नाही. मजुरी हजारावर मिळायची, एवढं एक एक्स्टेंशन तिला पुरायचं.

ते रक्त दर महिन्याच्या वीस तारखेला जागं होतं. ३-बी रिटर्न भरायचा तो शेवटचा दिवस. चुकलं तर दिवसाला पन्नास रुपये लेट फी, आणि गिऱ्हाइकाची बोलणी वेगळी. दुपारी चार वाजता एकाग्रराव एकेक एक्स्टेंशन बंद करतात. व्हॉट्सअ‍ॅप उघडं, दोन्ही फोन कानाला, खाली माझं मशिन खडखडतंय, शेजारी क्रिकेटची कॉमेंट्री. ओटीपी गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर जातो, म्हणून हे जिन्यातून ओरडतात, "आला का? सांगा लवकर! सहा की नऊ?" रात्री नऊपर्यंत सगळी रिटर्नं गेलेली असतात. एकदाही टोमॅटो वाजलेला नसतो.

मात्र त्या गडबडीतही दर दहा मिनिटांनी ते मला वरून विचारतात, "आलं का एक्स्टेंशन?" हे बारावं, आणि सर्वांत लाडकं. ते ब्राउझरमध्ये बसवता येत नाही, दिल्लीहून यावं लागतं. जानेवारी २०२५ मध्ये पोर्टल अडलं आणि ते खरंच आलं. विक्रीच्या रिटर्नची ११ची तारीख १३ झाली, ३-बीची २०ची २२. संक्रांतीच्या आधीच एकाग्ररावांनी जिन्यात पेढे वाटले.

मिळालेल्या त्या दोन दिवसांत त्यांनी एक नवं एक्स्टेंशन शोधून बसवलं. शेवटच्या तारखेला किती तास उरले, ते सांगणारं.