मुरलेलं पाणी

वर्षातून दोनदा मला स्वच्छतेचा झटका येतो आणि दोन्ही वेळा घरातलं काहीतरी दगावतं. मागच्या दिवाळीत मिक्सर गेला. या खेपेला जिलबीवर बेतलं.

जिलबी म्हणजे आमचा गोल्डफिश. नाव लेकीने ठेवलं, म्हणून तो ‘ती’ झाला. नारिंगी रंग, गरगरीत पोट आणि नुकतीच पाकातून काढल्यासारखी लटपटणारी शेपटी. डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत हॉलच्या कोपऱ्यातली चाळीस लिटरची टाकी हीच काय ती ऐसपैस जागा, आणि ती जिलबीच्या नावावर आहे.

तर त्या रविवारी दुपारी जेवून उठलो आणि मला टाकीच्या काचेवरचं हिरवं शेवाळ दिसलं. तीन महिने ते तिथेच होतं, पण दिसलं त्या दिवशी. मी जिलबीला पातेल्यात काढलं, टाकीतलं सगळं पाणी लाल बादलीने मोरीत ओतलं, काच घासली, खडी तांदळासारखी चार पाण्यांतून धुतली. फिल्टरमधला स्पंज इतका काळा झाला होता की मला आमच्या सगळ्यांची लाज वाटली. तोही नळाखाली पिळून पिळून पांढरा केला. टाकी ताज्या पाण्याने काठोकाठ भरून जिलबीला आत सोडलं आणि नव्या फ्लॅटची किल्ली हातात दिल्यासारखा बाजूला उभा राहिलो.

संध्याकाळी सातला लेक ओरडली, “बाबा, जिलबी वर बघून काहीतरी बोलतेय!”

ती बोलत नव्हती. पाण्याच्या पृष्ठभागाला तोंड लावून धापा टाकत होती. मग एकदम सैरावैरा सुटायची, काचेवर आपटायची, पुन्हा वर यायची.

आमच्या घरात कोणाला काही झालं की रोग कळायच्या आधी उपाय सुरू होतात. बायकोने इलेक्ट्रॉलचं पाकीट काढलं. शेजारचे काका चपला न काढताच आत आले आणि चिमूटभर हळद टाका म्हणाले. जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला, तर त्यांनी आधी कुत्रा का मांजर विचारलं, मासा म्हटल्यावर क्षणभर गप्प झाले आणि मग अत्यंत सभ्यपणे, आपण त्यातले नाही, असं सांगितलं.

आई मात्र टाकीपाशी स्टूल ओढून बसली. आई वेंगुर्ल्याची. मासा बघायची तिची साठ वर्षांची नजर वेगळ्या कारणासाठी तयार झालेली. तारापोरवाला मत्स्यालयात तिला एकदा नेलं होतं, तेव्हा बाकीचे लोक रंग बघत होते आणि आई प्रत्येक काचेपुढे वाटा केवढ्याला जाईल ते सांगत होती. तिने चष्मा पुसला, जिलबी काठाशी येईपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाली, “कल्ले बघ कसे सुजल्यासारखे झालेत. बाजारात असती तर मी हिला हात लावला नसता.” मग टाकीचा वास घेतला. “टीसीएलचा वास येतोय.”

शनिवारी सोसायटीची टाकी धुतली होती. धुतल्यावर टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर टाकतात, आणि आमच्या सेक्रेटरींचा हात सढळ आहे. आपण ते पाणी पितो ते पोटात जातं. मासा मात्र तेच पाणी तोंडावाटे घेऊन कल्ल्यांवरून सोडत असतो, श्वासच त्याच्यातून घेतो. क्लोरीन थेट त्या नाजूक कल्ल्यांना भाजून काढतं.

जिथून जिलबी आणली त्या दुकानदाराला फोन लावला. तो शहापूरला लग्नात होता, मागे बँड वाजत होता.

“पाणी किती बदललंत?”

“सगळं.”

पलीकडे नुसता बँड ऐकू येत राहिला.

“सगळं? आणि स्पंज?”

“पांढराशुभ्र केला.”

“अहो काका, त्या काळ्या स्पंजातच तर माशाचा संसार असतो! मासा टाकीत घाण करतो, त्याचा अमोनिया होतो. तो अमोनिया खाऊन टाकणारे जंतू स्पंजात नि खडीत राहतात. ते जमायला महिना-दीड महिना जातो. तुम्ही एका दुपारीत सगळ्यांना बेघर केलंत. पाणी चार आणे बदलायचं, बारा आणे तसंच ठेवायचं. आता शिळं पाणी आहे का घरात? दोन-तीन दिवसांचं, उघडं ठेवलेलं? क्लोरीन उडून गेलेलं असतं त्यातलं.”

शिळं पाणी! मराठी घरात शिळं पाणी शोधायचं म्हणजे कठीण. पहाटे नळ आला की आदल्या दिवशीचं चांगलं पाणी ‘शिळं झालं’ म्हणून कुंड्यांना घालणारी आपण माणसं. बायकोने तांब्याच्या पिंपाचं नाव काढलं. ते पाणी आरोग्याला उत्तम असतं, असं तिच्या ग्रुपवर आलं होतं. फोनमधून दुकानदार जवळजवळ किंचाळला, “तांब्यातलं नको! तांबं माशाला बाधतं!”

तेव्हा आई उठली आणि मोरीतल्या पिंपाकडे बोट दाखवलं. नळावर आईचा विश्वास नाही. पाणी कधीही जाईल, म्हणून तिने ते प्लास्टिकचं पिंप कायम भरून ठेवलेलं असतं. त्याचं झाकण हरवल्यालाही वर्षं झाली. मोरीतली निम्मी जागा त्याने अडवली आहे, यावरून आमचे मासिक वाद होतात.

तांदळाचा डबा वर्तमानपत्रावर रिकामा केला, कारण साबण न लागलेलं तेवढं एकच मोठं भांडं घरात होतं. त्यात पिंपातलं पाणी घेतलं. पाण्याचा गारवा सारखा आहे ना, हे आईने कोपर बुडवून पाहिलं, लेक तान्ही असताना बघायची तसंच. जिलबीला अलगद त्यात सोडलं, पंपाची नळी आत टाकली, दिवा मालवला.

“आता पुढे काय करू?” मी फोनवर विचारलं.

“आता काही करू नका,” तो म्हणाला. “खायला घालू नका, हात घालू नका, दर पाच मिनिटांनी बॅटरी मारू नका. उद्या औषधाचे थेंब देतो.” आणि तो जेवायला गेला.

इतकं अवघड पथ्य मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. सगळे झोपले, मी तांदळाच्या डब्यापाशी बसलो. माशाला पापण्या नसतात, त्यामुळे ग्लानी आहे, झोप आहे की आणखी काही, ते कळत नाही. कल्ले मिनिटाला किती वेळा हलतात ते मोजलं. मोजून करायचं काय हे मात्र ठाऊक नव्हतं. फोनवर वाचलं की इंग्लंडमध्ये टिश नावाचा एक गोल्डफिश १९५६ साली कोणीतरी जत्रेत जिंकून आणला आणि तो १९९९ पर्यंत जगला. त्रेचाळीस वर्षं! माझं गृहकर्जसुद्धा वीस वर्षांचंच आहे. आणि गोल्डफिशची स्मरणशक्ती तीन सेकंदांची ही निव्वळ थाप असून त्याला शिकवलेलं महिनोन्‌महिने आठवतं, हेही वाचलं. एरवी आनंद झाला असता. त्या रात्री ती थाप खरी असती तर बरं, असं वाटलं.

दोनच्या सुमारास आई पाणी प्यायला उठली आणि माझ्याशेजारी टेकली. डब्यात बघत म्हणाली, “सगळं पाणी एकदम बदललं की होतं असं.”

बाबा गेल्यावर तिला आम्ही वेंगुर्ल्याहून इथे आणलं. घर बंद केलं, सामान वाटून टाकलं, इथे तिला नवा पलंग, नवी गादी, नवा टीव्ही, सगळं स्वच्छ आणि चकचकीत. पहिले दोन महिने ती गॅलरीच्या गजांना तोंड लावून उभी असायची. येताना पाटा-वरवंटा मात्र हट्टाने आणला होता. मिक्सर असताना हे धोंडे कशाला, म्हणून मी हमालासमोर हसलो होतो. स्पंज होता तो तिचा. नशीब, तो कोणी नळाखाली धुतला नाही.

पहाटे जिलबी डब्याच्या तळाशी जाऊन बसली. माझा धीर सुटला. आई म्हणाली, “वर येऊन धापा टाकत नाही ना? मग विसावा घेतेय.” आणि खरंच, कल्ले संथ हलत होते.

जिलबी आता बरी आहे. थेंब घातले, पुढचा महिनाभर दर दोन दिवसांनी पाणी बदललं, पण चार आणेच. स्पंज पुन्हा हळूहळू काळा होतोय आणि त्याचा मला अभिमान वाटतो. लोणच्यासारखं पाणीही मुरावं लागतं, हे मला पन्नाशीत कळलं. ‘कुठेतरी पाणी मुरतंय’ असं आपण संशयाने म्हणतो, पण आमच्याकडे ते मुरत नव्हतं हीच तर भानगड होती.

मोरीतल्या पिंपावर लेकीने चिठ्ठी चिकटवली आहे: ‘शिळे पाणी. सांडू नये.’ त्यावरून वाद होणं बंद झालं. आणि मी लाल बादली घेऊन हॉलमध्ये आलो की जिलबी पटकन वनस्पतींच्या मागे जाते. तीन सेकंदांची स्मरणशक्ती म्हणे!