नक्कलकाका

परमुलखात मराठी माणसांची चार घरं झाली की एक मंडळ निघतं, मंडळात दोन तट पडतात, आणि ज्यांच्याशी दोन्ही तटांना वाकडं घेऊन चालत नाही असे एक नक्कलकाका निघतात. इंदूरला आहेत, बडोद्याला आहेत, हैदराबादेत तर म्हणे दोन आहेत आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. मी लिहितोय ते कलकत्त्याचे.

घटस्फोटाच्या डिक्रीची सही-शिक्क्याची नक्कल कोर्टातून काढून देणं हा ह्या जातीच्या माणसाचा निवृत्तीनंतरचा उद्योग. काका वकील नाहीत, कधी नव्हते. आजोबा नागपूरहून बंगाल-नागपूर रेल्वेच्या मागोमाग आले. काका गार्डन रीचला दक्षिण-पूर्व रेल्वेच्या हिशेबखात्यात चिकटले आणि ताळेबंदात न जुळणारा सव्वा रुपया हुडकण्यात हयात घालवून बाहेर पडले. पेन्शन सुरू झाली, पण हुडकायची खाज गेली नाही. पैसे घेत नाहीत. फक्त कोर्टाजवळचा मातीच्या भांड्यातला चहा तुम्ही पाजायचा आणि त्यांचं ऐकून घ्यायचं. ह्यातलं दुसरं महाग पडतं.

त्यांना माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, दाव्यांचे नंबर राहतात. बंगालच्या कोर्टांत वैवाहिक दाव्याच्या नंबराआधी ‘मॅट सूट’ असं लिहितात. हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात गणपतीची आरती संपून लोक खिरापतीच्या रांगेत उभे असले, की काका माझ्या कानाशी लागून कुजबुजतात, “ती निळ्या साडीतली ना, 211 ऑफ 98. परस्परसंमतीचा. सुंदर डिक्री होती, एक खाडाखोड नाही.” आता ती निळ्या साडीतली कोण, हे मला माहीत नसतं आणि काका सांगत नाहीत. रांगेतल्या वहिनींचे कान तेवढ्यात टवकारलेले असतात. “काका, कोणाबद्दल हो?” काका लगेच छाती काढतात. “हिंदू विवाह कायदा, 1955, कलम 22. सुनावणी बंद दाराआड. बाहेर छापलं तर हजार रुपयांपर्यंत दंड आहे, वहिनी. पेन्शनर माणूस मी.” बोलण्याला दंड नाही, छापण्याला आहे, हे काकांना पक्कं ठाऊक असतं. पण चाळीस घरांची अब्रू त्यांनी ह्या एका कलमाखाली झाकून ठेवली आहे.

गिऱ्हाईक बहुतेक फोनवरून येतं. परवा अमेरिकेतून एका मुलीचा आला. दुसरं लग्न ठरलंय, तिकडच्या काऊंटीच्या कचेरीत पहिलं लग्न मोडल्याचा कागद मागितलाय, ‘डिव्होर्स सर्टिफिकेट’ कुठल्या वेबसाईटवर मिळेल?

“अरे बाप्पा,” काका म्हणाले, “आपल्या देशात असं सर्टिफिकेट निघतच नाही. जन्माचा दाखला निघते, मृत्यूचा निघते, लग्नाचाही निघते. घटस्फोटाची असते फक्त डिक्री. अन् ती ज्या कोर्टानं दिली, त्याच कोर्टाजवळ.”

मुलीनं सांगितलं, तिच्या मैत्रिणीचा घटस्फोट अमेरिकेतच झाला होता. तिनं त्या काऊंटीच्या कोर्ट-क्लार्कला फॉर्म भरून दिला, थोडे डॉलर भरले आणि प्रत घरपोच आली. काकांनी हे मोठ्या गांभीर्यानं ऐकलं. “म्हणजे तिथंही ज्या गावचा दावा त्याच गावचा कागद. फरक काहीच नाही. फक्त त्यांच्यात टपाल चालते.”

मग त्यांनी आपला ठरलेला पहिला प्रश्न टाकला. “फुकटची कुठाय?” समोरचा माणूस इथं हमखास गोंधळतो. कलम 23, पोटकलम 4. 1976 च्या दुरुस्तीनं घातलेलं. घटस्फोटाची डिक्री झाली की कोर्टानं दोन्ही पक्षांना एकेक प्रत विनामूल्य द्यायची. म्हणजे आज जे लोक नकलेसाठी रडतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात ती एकदा पडलेली असते. तिचं पुढं काय होतं, ह्यावर काकांचा अभ्यास आहे. काही रागाच्या भरात फाडतात. काहींच्या आया ‘घरात अपशकून नको’ म्हणून चुलीत घालतात. काही प्रती भावाच्या कपाटात जातात आणि पुढं वाटणीवरून भावाशी बोलणं बंद होतं. ह्या मुलीची गंगेत सोडली होती, बाबूघाटावर, मैत्रिणींच्या साक्षीनं. “बाई,” काका कळवळून म्हणाले, “नवरा सोडावा, डिक्री सोडू नये.”

दुसरा प्रश्न, कोर्ट कोणतं. “कलकत्त्याचंच ना” हे उत्तर काकांना अडाणीपणाचं वाटतं. कलकत्ता महापालिकेचं निराळं, न्यायाच्या जिल्ह्याचं निराळं. बेहाला किंवा जादवपूर असेल तर अलिपूर, म्हणजे दक्षिण चोवीस परगणा. सॉल्ट लेकला संसार होता? मग बारासात. नदीपलीकडे असेल तर हावडा. शिवाय दावा लग्न लागलं तिथंही घालता येतो, शेवटचं एकत्र राहिले तिथंही, सामनेवाला राहतो तिथंही, आणि 2003 पासून बायको दावा लावत असेल तर ती राहते तिथंही. त्यामुळं संसार कलकत्त्यात, लग्न अमरावतीला आणि डिक्री पुण्याच्या फॅमिली कोर्टाची, असं अगदी सर्रास होतं. काका सरळ विचारत नाहीत. “तारखेला जायचीस तेव्हा वाटेत काय लागायचं?” मुलगी म्हणाली, प्राणिसंग्रहालय. काका खूश. अलिपूर. तिथं जायला मिळणार म्हणून त्यांचा आवाज चढला. “अरविंद घोष बडोद्यात राहून मराठी शिकले होते, माहीत आहे? 1909 मध्ये बाँबच्या खटल्यात अलिपूरलाच निर्दोष सुटले. आपल्या माणसाला अलिपूर फळते.” डिक्रीच्या नकलेशी अरविंदबाबूंचा काय संबंध, हे विचारायचं धैर्य अजून कोणाला झालेलं नाही.

तिसरा प्रश्न नंबर आणि साल. नंबर कोणालाच आठवत नाही. सालही माणसं “धाकट्या मावशीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्याच्या पुढच्या पूजेला” असं सांगतात. काका त्यातून साल काढतात आणि नोंदवही धुंडाळायला बसतात. इथं त्यांची खरी विद्या दिसते. बंगाली कारकुनाच्या कानाला ‘व’ ऐकू येत नाही. त्यामुळं वैद्य ‘बी’खाली सापडतात, वसंतराव बसंत होतात. एका विद्वांस घराण्याच्या डिक्रीवर तीन पानांत तीन निरनिराळी आडनावं होती आणि एकही त्यांचं नव्हतं. नवख्या माणसाला ‘अशी नोंद नाही’ असं सांगून परत पाठवतील तिथं काका मान तिरकी करून म्हणतात, “दादा, एकटू बी-टा देखून ना.”

हे ‘दादा’ म्हणजे मुहुरीबाबू, वकिलाचा कारकून. अर्ज कुठल्या खिडकीत, कोर्ट-फीचा स्टॅंप केवढ्याचा, नकलेला किती फोलिओ लागतील, पक्षकार परदेशात असेल तर अधिकारपत्र कसं लिहायचं, हे वकिलाला विचारलं तर वकील मुहुरीलाच विचारतो. काकांनी मधला दुवा काढून टाकला आहे. ते तीन पिढ्यांचे शाकाहारी, पण हिलसा किती रुपये किलोनं गेला आणि तो पद्मेचा की दिघ्याचा, ह्यावर मुहुरीबाबूंशी अर्धा तास वाद घालू शकतात. मोहन बागान हरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ते अर्ज टाकत नाहीत. पूजेच्या सुट्टीपासून भाऊबिजेपर्यंत तर कोर्टाचं नावही काढत नाहीत. 2019 च्या एप्रिलमध्ये हावड्याच्या कोर्टातल्या प्रकरणावरून राज्यभरच्या वकिलांनी कामबंद केलं आणि ते मे उजाडला तरी सुटेना, तेव्हा काका घरात बसून बसून इतके चिडचिडे झाले, की काकूच म्हणे म्हणाल्या, आता आपलीच एखादी मॅट लावा.

सगळ्यांचाच कागद सापडतो असं नाही. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडची गलाई करणारी मंडळी बडाबाजारात सोनं गाळतात. त्यांच्यातला एक भला माणूस आला, की माझी डिक्री काढून द्या. कोर्ट? कोर्ट नाही. साल? यात्रेच्या सुमाराला. चौकशी केल्यावर कळलं की गावी पंचांसमोर काडीमोड झाली होती. काकांनी कपाळाला हात लावला. “कायद्यानं रूढी मानली आहे रे, कलम 29. पण तुमच्यात ती रूढी आहे आणि ती पाळली गेली, हे शाबीत करायला आता कोर्टातच जावं लागते.” तो म्हणाला, “मग मोडतानाच गेलो नसतो का?” ह्यावर काकांकडे कलम नव्हतं. त्यांनी त्याला चहा पाजला, स्वतःच्या पैशानं. हा प्रसंग त्यांनी मला दोनदा सांगितला आणि दोन्ही वेळा चहाचे पैसे आठवणीनं सांगितले.

हल्ली त्यांच्या पुतण्यानं ई-कोर्टची साईट दाखवली. पक्षकाराचं नाव, साल टाकलं की दाव्याची स्थिती दिसते, प्रत्येक दाव्याला सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबर असतो. काकांनी चष्मा पुसून एक जुना नंबर घातला. नोंद नाही. आणखी एक घातला. तोही नाही. चेहऱ्यावरचं समाधान त्यांना लपवता आलं नाही. “संगणक यायच्या आधीची लग्नं मोडलीच नाहीत, असं दिसते.”

अमेरिकेतल्या मुलीची नक्कल निघाली, परराष्ट्र मंत्रालयाचं ॲपोस्टिलही झालं. लग्नाला मात्र ती मंडळी कलकत्त्यातच आली आणि काकांना मानाचं आमंत्रण. काकांनी पत्रिका हातात घेऊन आधी डिक्रीच्या तारखेपासून अपिलाचे 90 दिवस मोजले. वास्तविक डिक्रीला सात वर्षं झाली होती, पण एकदा एका उतावळ्या नवरदेवानं डिक्रीनंतर आठव्या दिवशी हॉल ठरवला होता आणि कलम 15 दाखवून काकांनी त्याची वाजंत्री परत पाठवली होती, तेव्हापासून ते सगळ्यांचेच मोजतात.

आहेराच्या पाकिटात 101 रुपये आणि डिक्रीच्या तीन साक्षांकित झेरॉक्स होत्या. मुलीच्या आईनं ते पाकीट व्याह्यांच्या नजरेआधी पदराखाली घेतलं. काकांना त्याचं काही नव्हतं. ते अक्षता टाकून स्टेजवर चढले, नवऱ्या मुलाला बाजूला सारलं आणि फोटोग्राफर थांबलेला असताना वधूला बजावून सांगू लागले, “मूळ प्रत लॅमिनेट करू नको हं बाळ. वरून शिक्का उमटत नाही.”