बी विंगखाली धूर झालाय!

तुम्हाला म्हणून सांगते, बाहेर बोलू नका. मुलुंड पूर्वेला, नवघर रोडच्या आसपास आमची सोसायटी आहे. नाव विचारू नका, सेक्रेटरी मासिकं वाचतात. तर ह्या सोसायटीत गेल्या महिन्यात भलताच प्रकार घडला. बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावरचे काका आठवतात ना? वय 57, बँकेतून व्हीआरएस, गुडघ्याला पट्टा, सकाळी दुधीचा रस, लिफ्टमध्ये भेटले तर रक्तदाबाचा आकडा आपण न विचारता सांगणारे. ह्या माणसाने कोल्हापूरहून आणली. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या पोटात आडवी झोपवून, जुन्या गोधडीत गुंडाळून! पहाटे पाचला चेंबूरच्या मैत्री पार्कला उतरवून घेतली, टेम्पोत घातली आणि उजाडायच्या आत गेटमधून आत. कुणाला बोलू नकोस म्हणून वॉचमनच्या हातावर शंभराची नोट ठेवली. सातपर्यंत ए, बी आणि सी तिन्ही विंगला बातमी पोचली होती.

यामाहा आरएक्स हंड्रेड. मॉडेल 1991. किंमत एक लाख चाळीस हजार.

परत वाचा, चूक नाही झाली. सेल्फ स्टार्ट नाही, डिस्क ब्रेक नाही, पेट्रोलबरोबर टूटी ऑइल पिते, मागे निळा धूर सोडते. नवी होती तेव्हा वीस हजारांच्या आतबाहेर मिळायची. तिच्यावर पस्तीस वर्षांनी सातपट पैसे ओतायचे? ह्या घरात फ्रिजचं दार दोन वर्षं रबरबँडने बंद होतंय, मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि काकू? काकूंच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. नेहमीसारखा रविवारी तांबडा-पांढरा केला, वाटी आमच्याकडे पाठवली. बायका आपापसात म्हणाल्या, बिचारी सहन करतेय. मीही म्हणाले.

आता ह्या खुळामागचं कारण ऐका. 1984 ते 86 ह्या दोन-तीन वर्षांत आपल्याकडे शंभर सीसीच्या जपानी मोटारसायकलींची लाट आली. आधी इंड-सुझुकी, मग हिरो होंडा, मग एस्कॉर्ट्सने आणलेली ही यामाहा, पाठोपाठ कावासाकी बजाज. हिरो होंडाची जाहिरात सांगायची, टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा. म्हणजे जावयासारखी गुणी गाडी. यामाहाचं तसं नव्हतं. इंजिन 98 सीसीचं, ताकद 11 अश्वशक्ती आणि वजन शंभरेक किलो. अंगावर मांस नाही आणि पायात वारं. सिग्नल सुटला की बाकीचे गिअर शोधत असायचे, ही पुढच्या नाक्यावर. चेन खेचणाऱ्यांची आवडती गाडी असा लौकिकही तिने कमावला, तो काही उगाच नाही. अशा स्थळाला कुठला बाप हो म्हणेल? काका नोकरीला लागले तेव्हा त्यांनी यामाहाचा विषय काढला. वडिलांनी पेपरातून मान वर न करता विचारलं, "त्यावर सिलिंडर कुठे ठेवणार?" आठवड्यात दारात चेतक उभी राहिली. पुढे पोरगा, मागे बायको, पायाशी गॅसचा सिलिंडर. तीस वर्षं काका त्या स्कूटरला तिरकी करून किक मारत राहिले आणि मनातल्या मनात चौथ्या गिअरमध्ये होते, असं आता उघड झालंय.

तिकडे 1996 मध्ये प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि आरएक्स हंड्रेड बनायची बंद झाली. बंद झालेल्या वस्तूचं आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. चालू असताना शेजारीण म्हणून नको होती, गेल्यावर तिच्यासारखी दुसरी नाही! यामाहाच्या इथल्या प्रमुखांनी 2022 मध्ये हे नाव परत आणायचा विचार बोलून दाखवला, तेव्हा काकांसारखी माणसं आनंदी व्हायला हवी होती ना? उलट चिडली. म्हणे, धूर नाही तर यामाहा कसली.

एकटे काका बिघडले असते तर मी लिहायलाही बसले नसते. पण साथ आहे ही. बोरिवलीला वझिरा नाक्याजवळ आमच्या नात्यातला मुलगा आहे, आयटीत आहे, लग्नाचं बघतायत. त्याने राजदूत 350 घेतली. नवी होती तेव्हा महाग म्हणून आणि पेट्रोल पिते म्हणून कुणी हुंगली नाही, आणि आता तिचा फोटो पाहून माणसं दीर्घ श्वास घेतात. अंधेरीत चार बंगल्याकडे येझदीवाले आहेत. त्यांचा वेगळा पंथ. ती म्हैसूरला आयडियल जावाच्या कारखान्यात बनायची, तो कारखानाही 1996 लाच मिटला. तिच्यात किकचा दांडा आणि गिअरचा दांडा एकच! आधी मारायचा, मग पुढे वळवून त्यानेच गिअर टाकायचे. जुलैचा दुसरा रविवार हा त्यांचा सण, त्या दिवशी जावा-येझदी दिन असतो. घाटकोपरच्या पंतनगरात तर एका गृहस्थांनी हॉलमधला दिवाण काढून तिथे मोटारसायकल ठेवलीय असं ऐकते. पाहुणे कुठे बसतात ते ऐकलं नाही.

काकांकडे वळू. गाडी आली म्हणजे संपलं असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही भोळे आहात. इंजिन खोललं. सिलिंडर रिबोअर, पिस्टन ओव्हरसाइझ, क्रँकला आवाज, कार्बोरेटर साफ, सायलेन्सरमधला तीस वर्षांचा कार्बन जाळून काढला, तेव्हा भांडुपच्या त्या गॅरेजबाहेरची गल्ली अर्धा तास दिसत नव्हती म्हणे. मेकॅनिक काकांना तारीख देतो आणि काका ती कॅलेंडरवर संकष्टीच्या चौकोनात लिहितात. सुट्या भागांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड पालथा घातला. मग शुक्रवारचा चोरबाजार. जो माणूस काकड आरतीला कधी उठला नाही, तो दर शुक्रवारी पहाटेची लोकल पकडून सँडहर्स्ट रोडला उतरतो आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं साइड पॅनेल छातीशी धरून परत येतो. एकदा जिन्यात मी विचारलं, "मिळालं का काका?" तर इकडेतिकडे बघत, आवाज खाली आणून म्हणाले, "मिळालं, पण लोकल निघालं." कुणाच्या घरातली भानगड सांगावी तसे! सगळं ओरिजिनल पाहिजे. इंडिकेटरची काच, टाकीवरची अक्षरं, मागच्या मडगार्डचा रबर. ब्रेक मात्र त्या काळीही बेताचे होते, तेही तसेच बेताचे पाहिजेत.

आणि कागद! लोखंडापेक्षा कागदाचं वजन जास्त झालंय. एका आरटीओतून दुसऱ्या आरटीओत न्यायची तर एनओसीसाठी फॉर्म 28, विकल्याचा 29, नावावर करायचा 30. काका हे पाढे म्हणावेत तसे म्हणतात. चासी नंबरवर कागद धरून पेन्सिल घासायची, तो छाप जोडायचा. नोंदणी पंधरा वर्षांची, ती संपली की दर पाच वर्षांनी नूतनीकरण, वर पर्यावरण कर, पीयूसी, विमा. एका एजंटने "होऊन जाईल" म्हणत अख्खा महिना काढला. वधूवर सूचक मंडळातही एवढं ताटकळत ठेवत नाहीत.

सगळ्यात हळहळ झाली ती नंबरप्लेटची. कोल्हापूरच्या मालकाने 4141 नंबर असा रंगवून घेतला होता की वाचावं "दादा". खाली छोटी फुलं. गुडघ्याला पट्टा बांधलेले आमचे काका दादा म्हणून फिरणार होते! पण 2019 च्या आधीच्या गाड्यांनाही आता हाय सिक्युरिटी नंबरप्लेट सक्तीची. मुकाट्याने लावली. जुनी प्लेट टाकली असेल म्हणता? स्वयंपाकघरात, दत्ताच्या तसबिरीशेजारी, खिळ्याला टांगलीय. काकूंनी स्वतः टांगली.

सोसायटीची मीटिंग झाली, होणारच होती. मुद्दे दोन, धूर आणि आवाज. चेअरमननी सांगितलं की फेरफार केलेले सायलेन्सर वाहतूक पोलीस जप्त करून रोडरोलरखाली घालतात. काका उठले आणि थरथरत्या आवाजात म्हणाले, "माझा स्टॉक आहे." अशी पवित्र शांतता आमच्या मीटिंगला गेल्या दहा वर्षांत झाली नव्हती. मग काकांनी खाली नेऊन गाडी चालू करून दाखवली, आणि ती जागच्या जागी टिंग टिंग टिंग वाजायला लागली. पन्नाशीपुढचे सात पुरुष गोल करून उभे. चेअरमनचा चष्मा धुरकटला. धुरानेच असेल.

पण मला सांगा, चालवणार कुठे? सी लिंकवर दुचाकीला बंदी, ईस्टर्न फ्रीवेवर बंदी, कोस्टल रोडवर बंदी, अटल सेतूवर बंदी. उरला एलबीएस मार्ग, त्यावर भांडुपपर्यंत पहिला आणि दुसरा गिअर. अकराच्या अकरा घोडे रिक्षामागे उभे. काका रविवारी सकाळी पेट्रोल पंपापर्यंत जातात, परत येतात, पुसतात, झाकतात. माझ्या मते हे एक लाख चाळीस हजार पुसण्यासाठीच दिलेत.

बरं, आता खरी बातमी. पार्किंगच्या स्टिकरसाठी आरसी बुकाची झेरॉक्स द्यावी लागते आणि आमचे हे पार्किंग कमिटीवर आहेत. गाडी अजून काकांच्या नावावर झालेली नाही, त्यामुळे झेरॉक्सवर कोल्हापूरच्या मालकाचंच नाव. मी काही मुद्दाम वाचलं नाही, चहाचा कप ठेवायला उचलली तर दिसलं. आडनाव ओळखीचं वाटलं. रात्री लक्षात आलं, काकूंच्या लग्नपत्रिकेवरचं.

मालक काकूंचे थोरले भाऊ! म्हणून ती प्लेट तसबिरीशेजारी. व्यवहार काकूंनी जुळवला, भाव काकूंनी सांगितला आणि एक रुपयाही कमी होऊ दिला नाही. गोधडीही माहेरचीच निघाली. आणि आम्ही सगळ्या जणी महिनाभर बिचारी, बिचारी करतोय! दुसऱ्या दिवशी मी खाली गेले तर काका किक मारून मारून घामाघूम, गुडघा धरून बाकावर बसलेले. काकू पिशवी घेऊन भाजीला निघाल्या होत्या. पिशवी त्यांनी काकांच्या हातात दिली, पदर खोचला आणि अर्ध्या किकमध्ये गाडी चालू केली. कॉलेजात असताना दादाची हीच गाडी घेऊन रंकाळ्यावर जायचे म्हणाल्या.

गुढीपाडव्याच्या शोभायात्रेसाठी त्यांनी नऊवारी शिवायला टाकलीय. काका मागे बसणार आहेत.