लेन्सवाले भाऊजी

घुग्घुसात कोळशाची, सिमेंटची आणि स्पंज आयर्नची धूळ एकाच दोरीवरच्या कपड्यांवर बसते. अशा गावात लाखाच्या आसपासची काच विकत घ्यायची आणि ती ब्रशनं, फुंकणीनं, मऊ कापडानं पुसत बसायचं, याला छाती लागते. ती आमच्या भाऊजींना आहे. खाणीच्या प्रत्येक कॉलनीत आता असे एक तरी भाऊजी निघतात. हुद्दा ओव्हरमनचा, सुटीच्या दिवशी अंगावर झाडपाल्याच्या रंगाचं जॅकेट, गळ्यात १५०-६०० ची लेन्स, आणि मागून बायकोचा आवाज, "अहो, आता चला नं!"

ताडोबा एवढं जवळ असून ही मंडळी वाघाचं नाव काढत नाहीत. "वाघ काय जी, वाघ तं गुराख्यालेबी दिसते," असं भाऊजी म्हणतात, आणि चंद्रपूर जिल्ह्यात ते खोटं नाही. औष्णिक वीज केंद्राच्या आवारातसुद्धा वाघ फिरून जातो. भाऊजींना हवे असतात शिकारी पक्षी. सुरुवात ओबीच्या, म्हणजे कोळशावरून उपसलेल्या माती-दगडाच्या, ढिगाऱ्यांवर घिरट्या घालणाऱ्या घारींपासून झाली. तापलेल्या ढिगाऱ्यावरून गरम हवा वर उठते आणि घारी पंख न हलवता तिच्यावर चढत जातात, हे भाऊजी इतक्या अभिमानानं सांगतात की खाणीनं हे डोंगर घारींच्या सोयीसाठीच रचले असावेत असं वाटतं. मग शिक्रा झाला, तुरेवाला सर्पगरुड झाला, मोरघार झाली. राहिला समुद्र गरुड. तो काही वर्धा नदीवर यायचा नाही. म्हणून एलटीसी.

घरी अर्थात "पोरांनी समुद्र पायला नाही" एवढंच कारण सांगितलं गेलं. ताईला संशय आला तो सामान भरताना. घुग्घुसहून नागपूर, विदर्भ एक्स्प्रेसनं मुंबई, तिथून कोकण रेल्वेनं खेड आणि पुढं दापोली, असा हजारावर किलोमीटरचा प्रवास. आणि सगळ्यांचे स्वेटर काढून त्या जागी तांदळानं भरलेली एक उशी. लेन्स टेकवायला. मी सोबत होतो, त्यामुळे ती उशी कोणाच्या खांद्यावर आली हे वेगळं सांगायला नको.

हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव होतो. वाळूवर सुरमई, पापलेट, कोळंबीचे वाटे, बैलगाड्या, बायकांची बोली, समोर सुवर्णदुर्ग. आमच्याकडची माणसं जन्मभर नदीतले आणि तळ्यातले मासे खाल्लेली. हे वैभव पाहून आम्ही गांगरलो. भाऊजींनी एकाही माशाकडे पाहिलं नाही. त्यांची मान वर. तिथं ब्राह्मणी घारी, पांढऱ्या डोक्याच्या, विटकरी अंगाच्या, होड्यांच्या मागं फेकलेले तुकडे पाण्यावरून अलगद उचलत होत्या. ताईनं पापलेट दाखवून विचारलं, "हे बरे आहेत का हो?" भाऊजी म्हणाले, "अडल्ट आहे. पिल्लू तपकिरी रायते."

रात्री जेवताना व्याख्यान झालं. समुद्र गरुडाला इकडं काकण म्हणतात. पंखांचा पसारा दोन मीटरच्या घरात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावोगाव हिंडून किनाऱ्यावरची त्याची घरटी मोजली. पोरं ऐकत होती. इथं थांबायला हवं होतं. पण ज्ञान वाटायला बसलेला माणूस थांबत नाही. "आणि खाते काय मालूम? समुद्रसाप! घरट्याखाली सांगाडेच सांगाडे!" ज्यांच्यासाठी हजार किलोमीटर आलो त्या पोरांनी दुसऱ्या दिवशी घोट्याच्या वर पाण्यात पाय घातला नाही.

एका बाबतीत मात्र या माणसाला मानलं पाहिजे. आम्ही उतरलो होतो तिथल्या घरमालकांनी वाडीतल्या उंच आंब्यावरचं काकणाचं घरटं दाखवायची तयारी दाखवली. दोन पाहुणे खाली उभे राहून टाळ्या वाजवत होते, पक्षी उठावा म्हणून. भाऊजींनी लेन्स पिशवीतून काढलीच नाही. "अंड्यावर बसली असन तं उठून जाईन. ब्लास्टिंगच्या वेळी आपण माणसं काऊन हटवतो?" असं म्हणून त्यांनी त्या दोघांना खाणीतल्या आवाजात हटवलं. वन्यजीव कायद्याचं १९७२ सालही ऐकवलं. खाणीतला आवाज हा डंपरच्या वर ऐकू जाण्यासाठी घडवलेला असतो. पक्षी हलला नाही, पाहुणे हलले.

फोटो मिळाला तो आंजर्ल्याला, कड्यावरच्या गणपतीपाशी. खाली खोल समुद्र, आणि काकण आमच्या डोळ्यांच्या उंचीवरून, कड्याला समांतर, संथ गेला. बटण दाबलेलं सुटलंच नाही. मग छोट्या पडद्यावर पाहिलं: डोळा लख्ख, नखं लख्ख, आणि पोटाच्या जागी नुसता पांढरा ठिपका. घुग्घुसच्या फिकट धुळकट आभाळात घार काळी पडते, म्हणून भाऊजी उजेड कायम एक घर वाढवून ठेवतात. इथं पांढरा पक्षी, मागं गडद पाणी. तो एक घर कमी करायला हवा होता. पिसं सगळी जळाली. भाऊजी बराच वेळ समुद्राकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "इकडं धूळच नाही बाप्पा. सवय नाही नं."

असे भाऊजी तुमच्याही घरात असतील तर त्यांना कोकणात अवश्य न्या, पण एक लक्षात ठेवा. किनारा पश्चिमेचा. सकाळी ऊन पाठीमागून येतं आणि समुद्रावरचा पक्षी उजळून निघतो, तेव्हा त्यांच्याशी बोलू नका. संध्याकाळी सूर्य समोर येतो, प्रत्येक गरुड काळी आकृती होतो आणि लेन्स पिशवीत जाते. सूर्यास्ताचा फोटो काढणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. म्हणजे पाच वाजल्यापासून ते रिकामे. पोरं त्यांच्या हवाली करा आणि लिलावाला निघा. तांदळाची उशी बरोबर असली तर भाताचीही सोय होते; शेवटच्या रात्री आमची झाली.